काटकसरीचे सोमवार

साबुदाण्याचा उपवास परवडायला घरात पैसा लागतो, हे मला दुसरं मूल झाल्यावर कळलं. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटे, वर वाटीभर दही. एवढ्या खर्चात माणूस साधं जेवण दोनदा जेवेल. म्हणून आमच्या घरात जो उपवास शिरला तो कोरडा होता. सकाळी चहा, संध्याकाळी चहा, आणि असलं घरात तर एक केळं. हा उपवास माझ्या नवऱ्यानं आणला. मी त्याच्यावर इतका विश्वास ठेवला की आज आठवलं तरी माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

आम्ही नाशिकच्या जेलरोडला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. मुलगी ज्युनिअर केजीत, मुलगा चार महिन्यांचा, अंगावर पिणारा. आषाढात कारखान्याचं काम कमी झालं आणि ओव्हरटाइम बंद झाला. बाहेरच्याला ओव्हरटाइम म्हणजे वरची कमाई वाटते. आमचं घर त्या वरच्या कमाईवरच चालायचं. मूळ पगार भाडं आणि गाडीचा हप्ता देता देताच धापा टाकायचा.

त्या रविवारी नवऱ्यानं स्वतः चहा केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी गडबड आहे. चटईवर बसून तो म्हणाला, "खर्चाचं बघावं लागेल गं." मग आम्ही दोघं बसलो आणि एकेक गोष्ट काढत गेलो. टीव्हीचं रिचार्ज बंद. कपड्यांना बाहेरची इस्त्री बंद. मुलीची शाळेची रिक्षा बंद, मी बाळाला कडेवर घेऊन तिला चालत सोडणार. एकलहऱ्याला सासू-सासरे राहायचे. सासरे तिथल्या वीज केंद्रात कामाला होते, निवृत्त झाल्यावर जवळच दोन खोल्या बांधून राहिले होते. दर रविवारी आमची तिकडे फेरी असायची, तीही पेट्रोल वाचवायला महिन्यातून एकदा करायची ठरली. शेवटी तो म्हणाला, "आणि माझी रविवारची मिसळ बंद." नाशिकच्या माणसानं रविवारची मिसळ आपण होऊन सोडली हे ऐकून मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, मिसळ राहू द्या हो, एवढं काही आभाळ कोसळलेलं नाही. तो म्हणाला, नाही, म्हणजे नाही.

खोटं कशाला बोलू, पुढचे दोन-तीन महिने मी सुखात होते. काटकसरीचीही एक नशा असते. बाजार उठायच्या वेळेला मी भाजीला जायची, तेव्हा भाजीवाल्यांना गाडी भरून घरी परतायची घाई असते आणि भाव पडलेले असतात. कोथिंबिरीला भाव नाही म्हणून जुड्या रस्त्याकडेला टाकून जात होते शेतकरी, त्या आठवड्यात आम्ही कोथिंबिरीच्या वड्या, कोथिंबिरीचे पराठे आणि कोथिंबिरीची आमटी खाल्ली. मुलगी म्हणाली, आई, आता मला पानं फुटतील. हरसूलकडची एक बाई आमच्या कोपऱ्यावर नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसायची. तिच्याकडून नागली आणून मी सत्त्व करून ठेवलं, बाळ खायला लागलं की डब्यातलं महागाचं पीठ आणावं लागू नये म्हणून. डाळ रात्रीच भिजत घालायची, कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावायची, शिट्टी झाली की गॅस बंद करून वाफेवर शिजू द्यायचं. सिलिंडर लांबला की मी शेजारणीला सांगत सुटायची, जसं काही मुलगी पहिली आली.

संध्याकाळी नवरा आला की आम्ही एकमेकांना सांगायचो, आज मी काय वाचवलं, तुम्ही काय वाचवलं. तो म्हणायचा, "तू होतीस म्हणून निभावतंय." लग्नाला सहा वर्षं झाली होती. आम्ही दोघं एकाच बाजूनं जोर लावतोय असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

श्रावण लागला तेव्हा तो म्हणाला, "मी सोळा सोमवार धरतो. आणि गुरुवार पण."

"अहो, एवढं मशीनवर उभं राहायचं असतं तुम्हाला."

"व्रताचं व्रत होईल. आणि माझ्या वाटचं वाचेल ते पोरांच्या तोंडात जाईल. साबुदाणा वगैरे काही करायचं नाही. कोरडा."

आमच्याकडे सोमवार संध्याकाळी जेवून सोडतात. त्यानं ठरवलं, आपण दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा. म्हणजे डबाही नको आणि रात्रीचं ताटही नको. मी देवभोळी नाही, पण त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, चांगला माणूस दिलास.

पहिल्या सोमवारी तो घरी आला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते. पायऱ्या चढून आला आणि भिंतीला टेकून बसला. मुलगी जेवत होती, तो तिच्या ताटाकडे बघत नव्हता, मुद्दाम मोबाइलकडे बघत होता. मी अर्धंच जेवून ताट उचललं. दुसऱ्या सोमवारी तेच. नवऱ्यानं उपाशी बसायचं आणि मी त्याच्यासमोर भात कालवून खायचा, हे मला जमलं नाही. तिसऱ्या सोमवारपासून मीही धरला. गुरुवारही धरला.

"तू नको धरूस," तो म्हणाला. "तुझ्या अंगावर पोरगं पितंय."

"मला काही होत नाही. तुम्ही एकट्यानंच का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं, आणि मी त्याचा अर्थ प्रेम असा लावला. मग तो म्हणाला, "बरं, तुझी इच्छा." पुन्हा कधी त्यानं मला 'नको धरूस' म्हटलं नाही.

दूध पाजणाऱ्या बाईची भूक ही साधी भूक नसते. ती पोटातून येत नाही, सगळ्या अंगातून येते. दुपारी बाळ ओढायला लागलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मी पाणी प्यायची, पुन्हा पाणी प्यायची, आणि नवऱ्याचा विचार करायची की तो तर मशीनवर उभा आहे, मी निदान बसलेली तरी आहे. आईचा फोन आला की मी 'आत्ताच जेवले' म्हणून सांगायची. तिला कळलं असतं तर ती पहिल्या बसनं येऊन मला आणि जावयाला दोघांनाही धारेवर धरून गेली असती.

उपाशी माणसाचं नाक तिखट होतं. एका गुरुवारी नवरा आला, त्याचा शर्ट मी बादलीत टाकायला घेतला आणि मला त्याला लसणाच्या फोडणीचा वास आला. मी तिथंच उभी राहून तो वास घेतला, सांगायलाही लाज वाटते. त्याला विचारलं तर म्हणाला, "कॅन्टीनच्या भिंतीलाच बसतो ना आम्ही. सगळे खातात, मी बसून राहतो." मला इतकं वाईट वाटलं. बिचारा उपाशीपोटी फोडणीच्या वासात बसून राहतो! त्या संध्याकाळी मी त्याच्या चहात साखर जास्त टाकली.

पेट्रोलही पुरेना. मी म्हटलं, आता दर रविवारी एकलहऱ्याला जाणं नाही, बाहेर फिरणं नाही, तरी टाकी कशी रिकामी होते? तो म्हणाला, गाडी ॲव्हरेज देत नाही, जुनी झाली. मी लगेच म्हटलं, मग नीट करून घ्या, वाटेत बंद पडली आणि उपाशी ढकलत आणावी लागली तर काय घ्या!

लोक त्याचं कौतुक करायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर बघ उपासाचं कसं तेज आलंय, आणि तू बघ कशी वाळून गेलीस, तुला नाही मानवत उपास. मी मनात म्हटलं, त्याची श्रद्धा खरी आहे, मी नुसतीच पैसे वाचवायला बसलेय, म्हणून देव मला तेज देत नसेल. ते तेज शेवभाजीचं होतं, हे मला कोण सांगणार?

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा लस द्यायला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं वजन केलं, कार्डावरची आधीची खूण बघितली आणि पुन्हा वजन केलं. म्हणाली, "याचं वाढलंच नाही हो काही. दूध पुरतंय ना? तुम्ही नीट जेवता ना?" मी 'हो' म्हटलं. उपवास करते म्हणाले असते तर तिनं सगळ्या बायकांसमोर माझी खरडपट्टी काढली असती. घरी आले आणि दरवाजा लावून रडले. दूध कमी झालंय हे मला आधीच कळत होतं. बाळ प्यायचं, सोडायचं, चिडायचं, पुन्हा प्यायचं. नागलीचं सत्त्व दिलं तर थुंकून टाकायचं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाळाचा पाय हातात धरून बसला. मग उठला, दुकानात गेला आणि दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आला. त्या डब्याची किंमत बघून मी गार पडले. आम्ही दोघांनी पोटाला चिमटा काढून जे वाचवलं होतं, ते त्या एका डब्यात गेलं असणार. मी म्हटलं, "उपवास बंद करू का मी?" तो म्हणाला, "बघ. तुला जसं वाटेल तसं." आता इथवर आणून सोडायचं कसं, असं मला वाटलं. तोही धरतोय, मी मध्येच सोडला तर त्याचा हुरूप जाईल. मी गुरुवार सोडला आणि सोमवार चालू ठेवला.

सोळावा सोमवार जवळ आला तशी मी उद्यापनाच्या मागे लागले. सोळा सोमवार केले की सतराव्या सोमवारी उद्यापन करायचं असतं. गव्हाचं जाडसर पीठ, तूप आणि गूळ यांचा चुरमा करून नैवेद्य दाखवायचा, जमलं तर ओळखीच्या जोडप्यांना जेवू घालायचं. नवरा नाही म्हणाला. मी म्हटलं, साधंच करू, शेजारची दोन जोडपी आणि गुरुजी. तो पुन्हा नाही म्हणाला. "कशाला दिखावा? मनात भाव असला म्हणजे झालं." मला वाटलं, बघा, किती विनम्र. एवढं करून श्रेय नको म्हणतो! आता तर मी ठरवूनच टाकलं. महिनाभर तूप जरा जरा बाजूला काढलं. गुरुजींना मीच फोन केला. एकलहऱ्याला सासूबाईंना फोन करून सांगितलं की तुमच्या मुलाचं उद्यापन आहे, आदल्या दिवशीच या.  पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "येते."

त्या रविवारी दुपारी आल्या. नवरा बेल आणि फुलं आणायला बाजारात गेला होता, मुलगी शेजारी खेळत होती. मी ओट्याशी पीठ तुपात परतत होते. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन खाली बसल्या. नेहमी आल्या की त्यांची टकळी चालू असायची, त्या दिवशी नुसत्या माझ्या कढईकडे बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक ऐक माझं. उद्याचं ते राहू दे."

"खर्चाचं म्हणताय का आई? तूप आधीच जमवलंय मी."

"खर्चाचं नाय गं. त्याला संकल्पाला बसवू नको. हातावर पाणी घेऊन देवापुढं म्हनंल सोळा सोमवार केले, आन् केलेले नाय. पोराचं वाईट व्हईल माझ्या."

मी गॅस बारीक केला. "केलेले नाहीत म्हणजे?"

"माझ्याकडं शेवभाजी-भाकर जेवतो ना तो. ड्यूटी सुटली का सरळ एकलहऱ्याला येतो, सोमवारी आन् गुरुवारी. पयले दोन धरले व्हते खरे. मंग चक्कर आली त्याला मशीनवर. म्या म्हनलं, आई जिती हाय तुझी अजून, तू काऊन उपाशी मरतो?"

पीठ करपायला लागलं होतं. मी ते ढवळत राहिले. पहिले दोन. म्हणजे ज्या दिवशी मी पहिला सोमवार धरला, त्याच दिवशी त्यानं सोडला. मी इथं पाणी पिऊन बाळाला पाजत होते तेव्हा तो वाट वाकडी करून, आम्ही वाचवलेलं पेट्रोल जाळून, आईच्या हातची शेवभाजी खात होता.

"मी धरतेय हे तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानं सांगितलं व्हतं." त्या बाळाच्या टोपड्याची गाठ सोडत होत्या आणि बांधत होत्या. "म्या म्हनलं व्हतं त्याला, तिला सांगून टाक. त्यो म्हनला, सांगतो सावकाश. आन् बाईमाणसाला काय गं उपासाचं, आपल्याला सवयच असती."

"आणि याचं दूध आटलं ते?"

त्यांनी बाळाकडे बघितलं. मग पुन्हा मूळ मुद्द्यावर आल्या. "काही बी कर, पन त्याला देवाशी खोटं बोलायला लावू नको."

"मग माझ्याशी खोटं बोलले ते?"

"तू काय, घरातलीच हायेस," त्या म्हणाल्या. अगदी सरळ म्हणाल्या, कसलाही डाव नव्हता त्यात. "देव थोडाच घरातला हाय?"

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत, पण हे वाक्य माझ्या जिवाला लागलं ते लागलंच. माझा नवरा हातात पळीभर पाणी घेऊन खोटं बोलेल या काळजीनं या बाईला झोप लागत नव्हती. तीन महिने तो रोज घरात मुलांच्या आईशी खोटं बोलत होता, तेव्हा ती त्याला गरम भाकरी वाढत होती. मी पीठ खाली उतरवलं. त्यांना वाटलं मला पटलं. जरा धीर येऊन त्या म्हणाल्या, "न्हायतर आसं कर. त्याचे पयले दोन आन् फुडचे तुझे, मिळून व्हत्यात की सोळा. नवरा-बायको काय येगळे असत्यात? तू बस संकल्पाला." मला तिथंच हसू फुटलं आणि थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या घाबरल्या आणि त्यांनी बाळाला उचलून घेतलं.

नवरा पिशवी घेऊन आला. मी विचारलं, "सोमवारी काय काय असायचं जेवायला?"

त्यानं आधी आईकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवली, फुलं चुरगळतील म्हणून हळूच ठेवली. म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"चक्कर आली होती गं मला. हात मशीनमध्ये गेला असता. आईकडे गेलो, तिनं वाढलं. घरी येऊन तुला सांगणार होतो, तर तू त्याच दिवशी उपवास धरून बसलेली. इतकी खूश होतीस. माझ्यासाठी पाणी घेऊन आलीस. कसं सांगू तेव्हा?"

"मी जेवा म्हणाले असते. दोघं जेवलो असतो."

"मग काटकसरीचं काय, असं वाटलं. तूच इतकं करत होतीस, मी एवढंही करू शकत नाही..."

"आणि सिस्टरनं वजन वाढलं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा? तेव्हा पण मी खूश होते का?"

 मी थांबले. मला खरंच उत्तर हवं होतं. एक वाक्य बोलला असता तर मी त्या दिवसापासून जेवले असते, एवढं एकच वाक्य त्याच्याकडे होतं आणि ते न बोलता त्यानं पावडरचा डबा आणून दिला होता. शेवटी तो म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, तू नको धरूस." तेव्हा मी लग्नानंतर पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासूबाई बाळाला घेऊन गॅलरीत गेल्या आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून मोठमोठ्यानं त्याला चिऊ-काऊ दाखवायला लागल्या.

गुरुजींना मी फोन करून सांगितलं, उद्या होणार नाही. त्यांनी विचारलं, "अडचण आली का?" मी 'हो' म्हटलं. बाईनं अडचण म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. शेजारच्या दोन्ही जोडप्यांनाही तेच सांगितलं.

सोमवारी मी दुपारी पूर्ण स्वयंपाक केला. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि त्याच तुपातल्या पिठाचे लाडू. नवऱ्यानं उद्यापनासाठी रजा टाकली होती, त्यामुळे घरीच होता. मी सासूबाईंना वाढलं, मुलीला वाढलं आणि माझं ताट घेतलं. तो समोर येऊन बसला. म्हणाला, "मला?"

"तुमचा सोमवार आहे ना," मी म्हटलं आणि भात कालवला.

मी पोटभर जेवले. तीन महिन्यांत सोमवारी दुपारी पहिल्यांदा जेवले, दोनदा भात घेतला, आणि मला अजिबात चव लागली नाही. तो तसाच बसून राहिला, उठलाही नाही आणि मागितलंही नाही. संध्याकाळी मी कपडे काढायला गॅलरीत गेले, आत वळून बघितलं तर सासूबाई पदराआडून त्याच्या हातात लाडू देत होत्या. त्यानं तो घेतला. दाराकडे पाठ करून दोन घासांत संपवला आणि शर्टाला हात पुसले. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

त्या दिवसापासून मी रोज जेवते. दूध काही पहिल्यासारखं आलं नाही. पावडरचे डबे पुढेही आणावे लागले. बाळाचं वजन मात्र हळूहळू भरलं, आता तो चांगला गलेलठ्ठ आहे आणि दिसेल ते तोंडात घालतो. माहेरी काही सांगितलं नाही. आई अजून जावयाचं कौतुक करते. पोरांसाठी उपाशी राहिलेला माणूस म्हणते, आणि मी विषय बदलते.

आम्ही भांडलो, अबोला धरला, पुन्हा बोलायला लागलो. दोन लहान मुलं असलेल्या घरात अबोला फार टिकत नाही, कोणाला तरी शी होते आणि बोलावं लागतं. माघात कारखान्याचं काम जरा वाढलं, पण ओव्हरटाइम अधूनमधूनच मिळायचा. काटकसर चालूच राहिली. फक्त संध्याकाळी एकमेकांना सांगायचं बंद झालं. मी माझं वाचवायची, तो त्याचं काय करायचा ते मी विचारत नव्हते.

फाल्गुनात द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला. घडापासून गळलेले सुटे मणी आमच्याकडे स्वस्तात मिळतात. गोडीला तेवढेच, फक्त पेटीत भरता येत नाहीत म्हणून. एका संध्याकाळी नवरा कामावरून येताना पिशवीभर मणी घेऊन आला. धुऊन त्यानं दोन वाट्यांत घातले, एक मुलीपुढं ठेवली, एक माझ्यापुढं. बाळ माझ्या मांडीवर होतं, त्याला मी मणी सोलून देत होते. मी म्हटलं, "तुम्ही?"

"मला नको. मी खाल्ली येताना, गाडीवाल्यापाशीच. पोट भरलंय."

तो धुळीतून आला होता. घशाला कोरड पडली होती त्याच्या, पाणी मागत होता. कदाचित त्यानं एकही मणी खाल्ला नसेल. पिशवी काही फार मोठी नव्हती, आणि मुलांना पुरावी म्हणून बाप असं म्हणतो, सगळेच बाप म्हणतात. किंवा खरंच खाल्ली असतील, गाडीपाशी उभं राहून, आमच्याआधी. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. सहा वर्षं ज्या तोंडाकडे बघत आले तेच तोंड होतं आणि मला त्यावरून काहीही कळत नव्हतं.

मी माझी वाटी त्याच्यापुढं सरकवली. "खा."

"अगं, नको म्हटलं ना."

"माझ्यासमोर खा."

त्यानं वाटी घेतली. एकेक मणी करत सगळी संपवली, मान खाली घालून, शाळेत बाई समोर उभ्या असल्यासारखं. मुलगी स्वतःचं खायचं थांबवून बघत होती. वाटी रिकामी झाल्यावर त्यानं ती मला उलटी करून दाखवली.

"आता पटलं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.